कोसला आवडली नाही, आता ग्रुप सोडू का?

मुंबईच्या एका उपनगरातून एका ताईंचं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही, आणि पत्र बरंच मोठं होतं म्हणून थोडक्यात सांगते. वय चाळीसच्या आतबाहेर, बँकेत नोकरी. लग्नानंतर सुटलेलं वाचन लॉकडाऊनमध्ये परत सुरू झालं. जवळच्या वाचनालयाच्या सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथे त्या दर महिन्याच्या शेवटी 'या महिन्यात वाचलेली पुस्तकं' अशी पोस्ट टाकतात, प्रत्येक पुस्तकाला दोन-तीन ओळी आणि पाचपैकी स्टार. लोकांना आवडायचं, काही जण त्यांची यादी बघून पुस्तकं न्यायचे.

गेल्या महिन्याच्या पोस्टमध्ये पाच पुस्तकं होती. भालचंद्र नेमाड्यांची कोसला अर्धी सोडली, 'एका आळशी मुलाचं रडगाणं, ज्यांना आवडते ते बहुतेक भाव खायला आवडते म्हणतात', दोन स्टार. शिवाजी सावंतांची कर्णावरची मृत्युंजय, 'सातशे पानं अलंकार आणि रडारड, आजच्या काळात हे कोण वाचतं', दोन स्टार. बनगरवाडी, 'मस्त, नक्की वाचा', पाच स्टार. रणांगण, 'छान, पण लवकर संपलं', चार. आणि शेवटी वाचनालयातल्याच एका ज्येष्ठ सभासदांचा स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह, 'यमकं जुळवायची हौस', एक स्टार.

मग व्हायचं ते झालं. एकाने लिहिलं 'आधी वाचनाची पातळी वाढवा', दुसऱ्याने नुसते हात जोडले, अ‍ॅडमिनने 'वैयक्तिक टीका नको' म्हणून पोस्ट उडवली. कवी काका शनिवारी वाचनालयात यायचे ते यायचे बंद झाले. आणि कुणीतरी नात्यातल्याने स्क्रीनशॉट गावी वडिलांना पाठवला. मृत्युंजय वडिलांचं जीव की प्राण पुस्तक, यांना दहावीच्या सुट्टीत त्यांनीच दिलेलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, 'तुला मोठी पुस्तकं कळेनाशी झाली का गं?' तेव्हापासून पुस्तकांचा विषयच काढत नाहीत.

ताई विचारतात, खरं लिहिलं हे चुकलं का? सगळ्यांसारखं 'अप्रतिम' लिहीत बसू का? की ग्रुप सोडून मुकाट्याने वाचू? की मला खरंच साहित्यातलं कळत नाही? आणि कोसला पूर्ण करायलाच हवी का?

*

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते म्हणजे तो डोक्यावरून उतरेल. नाही, कोसला पूर्ण करायची सक्ती नाही. परीक्षेला नाहीये, हप्ता थकलेला नाहीये, तुम्ही तुमच्या झोपेच्या वेळात वाचताय. काही लोक म्हणतात पन्नास पानं तरी द्यावीत, पण हा नियम मला कधी पटला नाही, रणांगणसारख्या बोटीवर घडणाऱ्या पुस्तकात पन्नास पानांत बोट बऱ्यापैकी पुढे गेलेली असते आणि मृत्युंजयमध्ये तेवढ्यात आपण नुसते चपला काढून आत आलेलो असतो. कंटाळा आला की ठेवा. कुठे ठेवलंत तेवढं लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

आणि नेमाड्यांच्या पुस्तकाबद्दल वाईट बोलले म्हणून एवढं धास्तावायचं, यात एक गंमत तुमच्या ग्रुपच्या लक्षात आलेली दिसत नाही. 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असा लेख लिहिणारा हा माणूस. कथा हा वाङ्मयप्रकारच क्षुद्र आहे असं म्हणून मराठीतल्या झाडून सगळ्या कथाकारांना एका दमात अंगावर घेतलेला. त्यांचं समीक्षेचं पुस्तक टीकास्वयंवर उघडून बघा, मोठमोठ्या नावांची काय हजामत केलीये. 2014 चं ज्ञानपीठ मिळालं म्हणून कोसला काही देव्हाऱ्यात गेली नाही. तिला हात जोडायला लावणं हे नेमाड्यांच्याच स्वभावाशी विसंगत आहे, आणि 'पातळी वाढवा' म्हणणाऱ्या गृहस्थांनी कोसला शेवटपर्यंत वाचलीये का याबद्दल मला दाट संशय आहे. असो.

म्हणजे तुमचं सगळं बरोबर का? तर तसंही नाही, आणि इथे जरा टोकणार आहे, रागावू नका.

तुमच्या पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय की 'मी फक्त प्रामाणिक मत दिलं'. मी ती पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली, तुम्ही पाठवलीत ते बरं केलंत. कोसलावरच्या तुमच्या दोन ओळी आहेत, त्यातली एक पुस्तकाबद्दल आणि दुसरी सरळ सरळ कोसला आवडणाऱ्यांबद्दल, की ते भाव खातात. मृत्युंजयवरही तेच, 'आजच्या काळात हे कोण वाचतं'. आता हे कोण वाचतं याचं उत्तर तुम्हाला घरातच माहीत होतं! लोक चिडले ते तुमच्या दोन स्टारवर फारसे नाही चिडले, नाहीतर आधीच्या महिन्यांतही तुम्ही कशाकशाला दोन स्टार दिले होतेच की. ते चिडले कारण पुस्तकावर बोलता बोलता तुम्ही त्यांच्यावर बोललात. ते तुमचं पुस्तकाविषयीचं मत नव्हतं, तो दुसऱ्यांच्या मनाबद्दलचा अंदाज होता, आणि तोही न विचारता.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. मला तुमची पोस्ट फार परखड वाटलीच नाही, उलट अर्धीच प्रांजळ वाटली.

तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर, कंसात, जाता जाता लिहिलंय की तुम्ही एकविसाव्या वर्षी नोकरीला लागलात, बीकॉमचं शेवटचं वर्ष बाहेरून दिलंत, कारण घरी गरज होती, आणि 'म्हणून असेल पण कोसलातल्या त्या पांडुरंगाचा रागच येत होता'. ताई, हे पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? कोसलावर 1963 पासून आजवर ढिगाने लिहिलं गेलंय, शैलीवर, देशीवादावर (साहित्य आपल्याच मातीतून यावं ही नेमाड्यांची भूमिका), पांडुरंगाच्या तोंडच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'वर. पण बापाच्या पैशावर पुण्यात शिकायला आलेला, तिथे सगळं वाया घालवून हात हलवत गावी परत गेलेला हा पांडुरंग सांगवीकर, ज्या मुलीला वाया घालवायला एक वर्षही मिळालं नाही तिने वाचला तर तिला काय वाटतं, हे मला वाचायला आवडेल. ते फक्त तुम्हीच लिहू शकता. 'आळशी मुलाचं रडगाणं' हे कुणीही लिहील, न वाचताही लिहील.

आणि एकदा 'मला राग आला आणि तो का आला' असं लिहिलं की त्याच्यावर कुणी काय बोलणार? राग आला हे खोटं आहे असं तर म्हणू शकत नाही. फार तर कुणीतरी सांगेल की मला राग नाही आला, मी त्याच वयात हॉस्टेलवर होतो आणि मला तस्संच वाटायचं. म्हणजे बोलणं सुरू झालं ना. वाचनालयाचा ग्रुप मुळात असतो कशाला?

अजून एक. तुमच्या पत्रात मनीचा, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, कुठेच उल्लेख नाही, म्हणून मला वाटतंय तुम्ही तिच्या मृत्यूच्या आधीच पुस्तक ठेवलंत. ती पानं वाचलीत की पुस्तक आवडेलच असं मी म्हणत नाहीये, माझ्या ओळखीत ती वाचूनही कोसला न आवडलेली माणसं आहेत. पण तोवर टिंगलटवाळी करत चाललेला तो मुलगा तिथे ज्या तऱ्हेने बोलायला लागतो ते वाचल्यावर 'रडगाणं' हा शब्द तुमच्या हातून उतरला नसता असा माझा अंदाज आहे. म्हणून म्हटलं कुठे ठेवलंत ते लक्षात ठेवा. अर्ध्या पुस्तकावर मत द्यायला काहीच हरकत नाही, फक्त 'अमुक पानाशी सोडलं, पुढचं माहीत नाही' एवढं आधी लिहायचं. त्याने मत हलकं होत नाही, विश्वासार्ह होतं.

आता बनगरवाडी. तुम्हाला वाटत असेल इथे तर पाच स्टार दिलेत, इथे काय काढणार. तर मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच! 'मस्त, नक्की वाचा.' बस? व्यंकटेश माडगूळकरांची एवढी कादंबरी, 1955 ची, अजून लोक शोधून वाचतात. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर आलेला तो कोवळा मास्तर, शाळा आहे पण पोरं नाहीत कारण पोरं मेंढरांमागे, म्हातारा कारभारी, गावाने मिळून उभी केलेली तालीम, आणि मग पाऊस नाही, नाहीच, आणि एकेक घर आपली मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतं. यातलं तुम्हाला काय भावलं? एक शब्द नाही. कोसलाला तुम्ही जेवढं आळसात झोडपलंत तेवढंच आळसात बनगरवाडीला डोक्यावर घेतलंत, फरक इतकाच की कौतुकाबद्दल कुणी तक्रार करत नाही.

म्हणून 'सगळ्यांसारखं अप्रतिम लिहीत बसू का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की पाचपैकी दोन पुस्तकांबाबत तुम्ही ते आधीच करताय. रणांगणचंच घ्या. 1939 साली मराठीत आलेली, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवरची, चक्रधर आणि ज्यू निर्वासित हॅर्टाची गोष्ट, बाहेर महायुद्ध दारात उभं. 'छान, पण लवकर संपलं' म्हणजे काय ते? लवकर संपलं म्हणून चुटपुट लागली की त्या दोघांना एकमेकांसोबत मिळालेला वेळच तेवढा होता म्हणून? मला वाटतं तुम्हाला दुसरं म्हणायचं होतं, पण स्टार टाकून पुढच्या पुस्तकाकडे जायचं होतं.

हे स्टारचं प्रकरण मी म्हणते बंदच करा. फ्रिज घेताना स्टार बघावेत, तिथे विजेचं बिल कमी येतं. पुस्तकाचं काय होतं ते सांगते, आणि हे तुमच्याच पत्रातून सांगते. काकांच्या संग्रहाबद्दल तुम्ही लिहिलंय की शाळेतली जुनी पितळी घंटा काढून तिथे इलेक्ट्रिक बेल लावली त्यावरची एक कविता तुम्ही दोनदा वाचलीत, नवऱ्यालाही वाचून दाखवलीत, 'पण एक स्टार दिल्यावर ते लिहिणं विसंगत वाटलं असतं म्हणून गाळलं'. बघा म्हणजे! सगळ्या संग्रहातलं जे एक तुम्हाला खरोखर पोचलं ते स्टारच्या हिशेबात बसेना म्हणून खाली टाकून दिलंत. आणि हे प्रामाणिक मत? तो माणूस शिक्षक होता, आयुष्यभर त्या घंटेवर उठला-बसला असणार, त्याला ती एक ओळ कळली असती की घंटेची कविता मी घरी वाचून दाखवली, तर बाकीच्या यमकांबद्दल तुम्ही काही बोलला असतात तरी त्याने ऐकून घेतलं असतं, कदाचित.

काकांचं प्रकरण मी नेमाडे-सावंतांच्या रांगेत ठेवणारच नाही. तुम्ही पत्रात विचारलंय, 'पुस्तक छापलं म्हणजे ते लोकांसमोर आलं, मग टीका ऐकायची तयारी नको का?' तत्त्वाने बरोबर आहे. पण जरा प्रत्यक्षात बघा काय असतं. निवृत्तीच्या पैशातून काही शे प्रती छापायच्या, गठ्ठे दिवाणाखाली, आणि मग ओळखीपाळखीत 'सप्रेम भेट' लिहून वाटत राहायचं. दुकानात ते पुस्तक नसतं, कुणी विकत घेऊन फसणार नाही की तुमच्या इशाऱ्याने कुणाचे अडीचशे रुपये वाचणार नाहीत. मग एक स्टार नेमका कुणाच्या उपयोगाचा होता? ज्यांनी वाचला ते सगळे त्या काकांना रोज ओळखणारे. कोसलाला तुम्ही काहीही म्हणा, नेमाड्यांच्या चहाला त्याने फरक पडत नाही. काका शनिवारी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात.

याचा अर्थ खोटं कौतुक करा असा अजिबात नाही. खोटं कौतुक ऐकून माणूस दुसरा संग्रह छापतो आणि ते त्याच्या बायकोला विचारा कसं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की मत असणं वेगळं आणि ते चव्हाट्यावर मांडणं वेगळं. ओळखीतल्या माणसाचं पुस्तक असेल तर मत त्याला द्यावं, समोरासमोर किंवा फोनवर, आणि त्याने विचारलं तर. विचारलं नाही तर जी कविता आवडली तिच्याबद्दल बोलावं आणि बाकीचं राहू द्यावं. एकही आवडली नसेल तर 'वाचला, मिळाला म्हणून धन्यवाद' हेही चालतं, लोकांना त्यातलं कळतं, ते काही लहान नाहीत. आणि ही तुमच्यासारखीच अडचण अनेकांची आहे म्हणून सांगते, ग्रुपवर एकदा जाहीर करून टाका की ग्रुपमधल्या सभासदांच्या पुस्तकांवर मी इथे लिहीत नाही, ओळख आड येते. एकदा सांगितलं की संपलं. मग कुणी संग्रह हातात देऊन 'तुमच्या पोस्टमध्ये घ्या ना' म्हटलं तरी नियम पुढे करता येतो, प्रत्येक वेळी नवं कारण शोधावं लागत नाही. अभिप्राय लिहून मागणाऱ्यांनाही हेच सांगायचं. 'मला कवितेतलं फारसं कळत नाही' हे मात्र म्हणू नका, ते कुणालाच खरं वाटत नाही.

मराठी लोकांना टीका सोसतच नाही, असंही तुम्ही वैतागून लिहिलंय. सरसकट तसं नाहीये. 'ललित' मासिक 1964 मध्ये सुरू झालं, त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने सदर लिहायचे आणि एकजात सगळ्या साहित्यिकांची टोपी उडवायचे, आणि ज्यांची उडायची तेही पुढच्या अंकाची वाट बघायचे. ते कसं चालून गेलं याचा विचार केला की दोन गोष्टी दिसतात. एक, माणसाने सगळं वाचलेलं असायचं, नुसतं मलपृष्ठ बघून टपली मारलेली नसायची. आणि दुसरं, टपली मोठ्यांना असायची, मिरवणाऱ्यांना, ज्यांना ती परवडायची. दिवाणाखाली गठ्ठे असलेल्या माणसाच्या वाट्याला कोण कशाला जाईल.

आता वडील. तुमचं पत्र खरं तर यांच्यासाठीच लिहिलेलं आहे असं मला वाटलं, बाकी ग्रुपबिप निमित्त.

मृत्युंजय 1967 ची. तुम्ही अलंकारिक भाषेबद्दल लिहिलंय ते चूक नाही, भाषा खरंच उपमांनी लगडलेली आहे, सूर्य आला की पुढे अर्धं पान सूर्यच. आज मोबाईलवरची चार ओळींची वाक्यंही लांब वाटणाऱ्या आपल्याला ते जड जाणारच. पण ज्यांचे कान कीर्तनावर, प्रवचनावर, रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांवर तयार झाले त्यांना ती भाषा जड नव्हती, ती ऐकायची भाषा आहे. शिवाय त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे एकेक जण स्वतःचं सांगतात. आपलं आपण सांगायला बसलेला माणूस थोडा रडणारच हो, त्याला 'रडारड' म्हटलं की विषयच संपतो.

आणि कर्ण. अंगात सगळं आहे पण जन्म आडवा येतो, सभेत 'तुझं कूळ कोणतं' विचारून गप्प करतात. तुम्ही लिहिलंय वडील घरातले पहिले शिकलेले, पहिले नोकरीला लागलेले, गावातून तालुक्याला गेलेले. त्यांना ऑफिसात हा प्रश्न कितीदा कुठल्या शब्दांत विचारला गेला असेल, आणि त्या काळात ते पुस्तक त्यांच्या हाती पडलं असेल तर त्यांनी ते कसं वाचलं असेल, याची तुम्हाला कल्पना आहे का? मला नाही. तुम्हालाही नसावी, कारण तुम्ही विचारलेलंच नाही. दहावीच्या सुट्टीत त्यांनी ते तुमच्या हातात ठेवलं तेव्हा ते नुसतं पुस्तक देत नव्हते. म्हणून 'हे कोण वाचतं' त्यांना एवढं लागलं.

तुम्ही विचारलंय की फोन करून 'बाबा, मी चुकले, मृत्युंजय महान आहे' असं म्हणून टाकू का. नका. एक तर ते खोटं असेल, दुसरं म्हणजे त्यांना ते खोटं आहे हे लगेच कळेल. त्यांना फोन करून हे विचारा की तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलंत, कुठे वाचलंत, प्रत कुणाची होती. आवडतं का ते विचारू नका, आवडण्याची कारणं सांगायला लागलं की माणूस वकिलासारखा बोलायला लागतो. कधी आणि कुठे विचारलं की गोष्ट सांगतो. जमलं तर त्यांना आवडतात ती दोन पानं फोनवर वाचायला सांगा, मोठ्याने. तुम्हाला तरीही ती भाषा आवडणार नाही कदाचित, तसं सांगा की मग, 'बाबा, मला अजून जड वाटतंय पण तुम्ही वाचता तेव्हा ऐकायला बरं वाटतं'. हे मतच आहे, आणि खरं आहे.

मग कधीतरी, लगेच नव्हे, इरावती कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं युगान्त घ्या. साधारण त्याच सुमारास आलेलं, साहित्य अकादमी मिळालेलं. त्यात कर्णावरचा लेख आहे तो वाचा. इरावतीबाई कर्णाला कुठेही कुरवाळत नाहीत, त्याच्या वागण्याचा चोख हिशेब मांडतात, दानशूरपणाला भुलत नाहीत, आणि तरीही शेवटी तो माणूस म्हणून आपल्याला जवळचा वाटतो. म्हणजे बघा, ज्या काळात घराघरात मृत्युंजय वाचून डोळे पुसले जात होते त्याच काळात त्याच वाचनालयांच्या कपाटात युगान्तही होतं आणि कितीतरी लोकांनी दोन्ही वाचलं, दोन्ही आवडलं. तुमच्या वडिलांनीही वाचलं असेल. पण ते पुस्तक 'बघा, मी म्हणत होते ना' म्हणून त्यांच्यासमोर आपटायला नेऊ नका, त्याच्यापेक्षा न नेलेलं बरं.

'मला साहित्यातलं कळत नाही का' हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. कळण्याची परीक्षा कोण घेतं मला माहीत नाही, पण ज्या बाईला कोसलाच्या नायकाचा राग स्वतःच्या एकविसाव्या वर्षामुळे येतोय हे कंसात का होईना कळतं, तिने या प्रश्नावर झोप घालवू नये. तुमची अडचण वेगळी आहे. महिन्याला पाच पुस्तकं, यादी पूर्ण करायची, शेवटच्या रविवारी पोस्ट टाकायची, त्यामुळे पुस्तक मिटल्या मिटल्या एक खमंग ओळ सुचावी लागते, आणि खमंग ओळ नेहमी दुसऱ्याच्या खर्चाने सुचते. तुम्ही स्वतःच लिहिलंय की हल्ली वाचताना मध्येच 'हे पोस्टमध्ये कसं लिहावं' असं डोक्यात येतं. ते थांबवायला हवं, ग्रुपसाठी नव्हे, तुमच्याच वाचनासाठी.

काय करता येईल? पाचांऐवजी एकाच पुस्तकावर लिहा. बाकीच्यांची नुसती नावं द्या, स्टार नकोत. वाचून झाल्यावर चार-सहा दिवस जाऊ द्या आणि मग पुस्तक न उघडता काय आठवतंय ते लिहा, जे आठवतं तेच खरं तुमच्यापर्यंत पोचलेलं असतं. आवडलं नसेल तर कुठे अडलात तो प्रसंग सांगा, आणि हे कुणाला आवडेल असं वाटतं तेही सांगा, कारण तुमची पोस्ट बघून पुस्तक नेणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. शेजारी एक साधी वही ठेवा, तारीख घालून, त्यात वाट्टेल ते लिहा, शिव्यासुद्धा घाला, तिथला स्क्रीनशॉट कुणी गावी पाठवत नाही. चार वर्षांनी तेच पुस्तक परत हातात आलं तर आधीचं मत बघायला मजा येते, माझी स्वतःची पंचविशीतली काही मतं आता वाचवत नाहीत आणि काही अजून तशीच आहेत.

ग्रुप सोडू नका. सोडलात तर 'पातळी'वाल्यांना वाटेल त्यांचं बरोबर होतं आणि ज्या चार जणांना तुमच्यामुळे पुस्तकं मिळायची त्यांचं नुकसान. 'पातळी'वाल्यांना उत्तरही देऊ नका, फारच राहवलं नाही तर 'तुम्हाला त्यातला कुठला भाग आवडला' एवढंच विचारा, मनापासून. उत्तर आलं तर चांगलंच आहे, नाही आलं तरी तुम्हाला जे कळायचं ते कळेल. अ‍ॅडमिनशी भांडण नको, त्यांनी पोस्ट उडवली ती त्यांच्या जागी ठीकच होती, रोज त्यांनाच वीस जणांचे फोन घ्यावे लागतात.

काकांची माफी मागायची आहे का? हो. पण कशाची, ते आधी ठरवा. मताची मागू नका, जागेची आणि त्या 'हौस' म्हणण्याची मागा. ग्रुपवर मागू नका, तिथे मग अजून पन्नास जणांचे हात जोडलेले येतात आणि काकांना परत संकोच. ते शनिवारी येत नसतील तर ग्रंथपालांना त्यांचा नंबर विचारा, किंवा जवळ राहत असतील तर सरळ घरी जा, संग्रह बरोबर न्या आणि घंटेच्या कवितेबद्दल बोला. ती घंटा पुढे कुठे गेली, भंगारात की कुणाच्या घरी, हे मला कविता न वाचताही विचारावंसं वाटतंय, तुम्ही तर दोनदा वाचलीये. ते म्हणाले की बाकीच्या कवितांबद्दल काय, तर तिथे, चहा घेता घेता, एखादी कविता काढून यमकासाठी कुठे शब्द ओढून आणलाय ते दाखवा, एकच दाखवा. शिक्षक आहेत, वही तपासायची त्यांना सवय आहे.